43 फुटांची वाट पाहू नका: समतोल राखताना या चुका टाळा

जुलैत पाऊस लागला की कोल्हापुरात भेटणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "पंचगंगा किती फुटांवर आहे?" राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. मधल्या चार फुटांत नदीकाठची माणसं सामान माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात. नदीच्या बाबतीत आपण एवढे सावध असतो, मनाच्या बाबतीत मात्र थेट 43 ला जागे होतो. माझ्या मते पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

एका मार्चमध्ये हिशेबाच्या कामानं मी पार पिळून निघालो होतो. दिवसभर कुणाला चकार शब्द बोललो नाही आणि रात्री भाकरी गार लागली म्हणून आईवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "कामावरचा राग ताटावर काढू नकोस बाळा." ते मला फार लागलं. नंतर आठवून पाहिलं तेव्हा कळलं की इशारे आठवडाभर मिळत होते. खांदे आखडलेले, घास न चावता गिळलेला, घरच्यांना उत्तर म्हणून नुसतं 'हं'. आपली 39 फुटांची खूण कोणती, हे घरच्यांना विचारा. त्यांना ती आपल्याआधी दिसते.

खूण दिसली की पाणी थोडं थोडं सोडायचं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, आपल्याला तशी सवय लावून घ्यावी लागते. कामावरून थेट घरात शिरू नका. रंकाळ्याच्या कठड्यावर दहा मिनिटं बसा. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं.

दुसरी चूक म्हणजे समतोल म्हणजे ताठ उभं राहणं असं समजणं. पहाटे पाचचा गजर, व्यायाम, ध्यान, वाचन, सगळं घड्याळावर बांधायचं आणि एक दिवस चुकला की महिनाभर सोडून द्यायचं. तालमीत एक नवा पोरगा गुडघे ताठ करून उभा राहिला होता. वस्ताद त्याला म्हणाले, "गुडघं मऊ ठेव लेका, न्हाईतर ढकलला की पडलास." लाल मातीतला पैलवान पवित्रा घेतो तेव्हा त्याचे पाय सतत सरकत असतात, वजन या पायावरून त्या पायावर जात असतं. घरी पाहुणे आले, मूल आजारी पडलं, तर त्या दिवशी ध्यान पाच मिनिटांचं करा, पण करा.

झोपेची उधारी ही तिसरी. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पहाटे रंकाळ्याला फेरी, यानं तब्येत सुधारत नाही. आधी झोप सावरा. संध्याकाळी सहानंतरचा चहाही बंद करा, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त बोचते. काही जण फक्त आतलं सावरायला बसतात, काही फक्त बाहेरचं. कर्जाचा हप्ता थकलाय, भावाशी अबोला आहे आणि माणूस डोळे मिटून शांती शोधतोय. त्यानं आधी हिशेब मांडावा, भावाला फोन करावा. उलटही घडतं. 2019 च्या महापुरानंतर आमच्या ओळखीच्या एका घरानं आधी गुडघाभर चिखल उपसला, आणि ते बरोबरच होतं, चिखलात बसून मन शांत होत नाही. पण भिंती रंगवून झाल्या, नवी गादी आली, तरी पुढच्या पावसाळ्यात सर पडली की घरातल्या काकू रात्रभर जाग्या राहायच्या. "घर झालं की गं आता, झोप बघू," असं सगळे म्हणायचे. काय वाटतं, हे कुणीच विचारलं नाही. अखेर शेजारच्या वहिनी रात्री त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागल्या, पुराची ती रात्र पुन्हा पुन्हा ऐकायला लागल्या, तेव्हा कुठे काकूंचा डोळा लागू लागला.

अशी झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.