गोट्यांच्या पट्ट्यावर विमान उतरवण्यापूर्वी

अलास्कातील बहुतेक गावांना रस्ता नाही आणि गावांपलीकडचा मुलूख नद्या, दलदल, हिमनद्या व डोंगर यांनी व्यापलेला आहे. त्यामुळे नदीचे पाणी ओसरल्यावर पात्रात उघडा पडणारा दगडगोट्यांचा पट्टा हीच तेथे छोट्या विमानाची धावपट्टी ठरते. ज्यांच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, ज्यांचे टेलव्हील (म्हणजे शेपटाखाली चाक असलेल्या) विमानाचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे आणि ज्यांना आता अशा पट्ट्यांवर उतरायला शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे. सुरुवातीचे पट्टे मात्र त्या भागात वर्षानुवर्षे उडणाऱ्या प्रशिक्षकाला बरोबर घेऊनच करावेत. अँकरेजजवळचे क्निक नदीचे रुंद पात्र या सरावासाठी प्रसिद्ध आहे.

सगळ्यात आधी एक क्रम मनात पक्का करावा लागतो. नवखा वैमानिक वरून पट्टा पाहतो आणि स्वतःला विचारतो, ‘येथे उतरता येईल का?’ मुरलेला वैमानिक विचारतो, ‘येथून उडता येईल का?’ पायपर सुपर कबची माहितीपत्रके पाहिली तर हा प्रश्न उलटा वाटेल, कारण १५० अश्वशक्तीच्या या विमानाला समुद्रसपाटीवर, टणक जमिनीवर, पूर्ण वजनासह उडायला सुमारे २०० फूट धाव पुरते आणि उतरल्यावर थांबायला सुमारे ३५० फूट लागतात, असे ते आकडे सांगतात. नदीपात्रात हे गणित फिरते. मऊ वाळू उतरताना चाकांना धरून ठेवते, म्हणजे ब्रेकचेच काम करते. उडताना तीच वाळू तुमच्याविरुद्ध असते. शिवाय उतरताना विमान बहुधा रिकामे असते आणि परतताना त्यात माणूस, तंबू किंवा शिकारीचे मांस भरलेले असते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी उड्डाणाच्या बाजूने तपासत जावी.

विमानाबद्दल थोडक्यात. सुपर कब १९४९ मध्ये आले; एकामागे एक अशी दोन आसने, कापडाने मढवलेला सांगाडा, सुमारे ३५ फुटांचे पंख आणि १७५० पौंडांची वजनमर्यादा. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झुकणाऱ्या पट्ट्या, पूर्ण खाली असताना वेग ताशी सुमारे ४३ मैलांपर्यंत उतरला तरी ते उडत राहते. सेस्ना १८० किंवा १८५ अधिक ओझे वाहते, पण वेगही अधिक मागते. चाके मात्र बदलावीच लागतात. मोटारीच्या चाकात साधारण ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा असते; टंड्रा टायर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३१ इंची फुगीर चाकांत ती १० च्या आत ठेवतात, त्यामुळे चाक गोट्यावर आदळण्याऐवजी त्याच्याभोवती दबते. मोठी चाके विमानाचे नाक उंच ठेवतात, त्यामुळे तिन्ही चाकांवर टेकताना वेग आणखी कमी राखता येतो. अशा चाकांच्या भरवशावर माणूस वाईट जागा निवडू लागतो, हा त्यांचा एक दोष मी स्वतःतही पाहिला आहे.

आता पाहणी. माझ्या मते या विद्येचा तीनचतुर्थांश भाग पाहणीतच आहे. पट्ट्याभोवती पहिला फेरा ५०० फुटांवरून घ्यावा आणि त्यात केवळ आजूबाजूचा मुलूख पाहावा: तारा आहेत का, कडा किती उंच आहेत, आत यायची आणि निसटायची वाट कोठे आहे, वारा कोठून येतो. वाऱ्याच्या खुणा सर्वत्र असतात. तळ्याच्या ज्या काठाकडून वारा येतो, त्या काठालगत पाणी गुळगुळीत राहते आणि पलीकडे लाटा उठतात. विलो या नदीकाठच्या झुडपाची पाने उलटून चंदेरी पाठ दाखवू लागली, तर वारा बराच आहे असे समजावे. नदीवरच्या तरंगांवरून अंदाज बांधताना मात्र प्रवाहाचे तरंग कोणते आणि वाऱ्याचे कोणते हे ओळखायला शिकावे लागते.

दुसरा फेरा २०० फुटांच्या आसपास, पट्ट्याला समांतर, पट्टा आपल्या बाजूच्या खिडकीत दिसेल असा घ्यावा. पट्ट्याची लांबी डोळ्यांनी मोजू नये, घड्याळाने मोजावी. ताशी ६० मैल वेगाने विमान सेकंदाला ८८ फूट जाते. जीपीएसवर जमिनीसापेक्ष वेग ६० ठेवून पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सेकंद मोजले आणि ते ८ भरले, तर पट्टा सुमारे ७०० फुटांचा आहे. हवेचा वेग पाहून मोजले तर वारा फसवतो, कारण समोरून येणारा वारा पट्टा लांब भासवतो. ही चूक नेमकी ज्या दिवशी परवडत नाही त्या दिवशी होते, म्हणून जीपीएस नसल्यास दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्यावी.

मग पृष्ठभाग. कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या काठी लहानपण गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत: वाळवंटात कोठे पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुततो आणि कोठून बैलगाडी जाते, हे त्याने अनुभवलेले असते. नदी आपले सामान निवडून ठेवते. पट्ट्याचे वरचे टोक, म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येतो ते, मोठ्या गोट्यांचे असते, कारण तेथे पाण्याचा जोर जास्त. खालच्या टोकाला बारीक वाळू आणि गाळ साचतो. म्हणून चांगली जागा बहुधा मधली, मुठीएवढ्या घट्ट बसलेल्या खड्यांची. नारळाएवढे गोटे टाळावेत. उंचावरून सगळेच लहान दिसते, त्यामुळे माझा स्वतःचा नियम असा आहे की दुसऱ्या फेऱ्यात एकेक गोटा वेगळा दिसू लागला, तर तो पट्टा सोडून द्यायचा. ज्या भागात विलोची रोपे उगवली आहेत तो भाग उंच आणि सहसा टणक असतो. पण त्या रोपांखाली पुराने आणलेले ओंडके दडलेले असतात.

हिमनदीच्या पाण्याने आणलेला राखाडी गाळ हा यातला खरा ठक आहे. तो वरून वाळतो, भेगाळतो, अगदी अंगणासारखा दिसतो, आणि त्या कवचाखाली दही असते. मी एकदा अशा गाळावर उतरलो. विमानाला काही झाले नाही, पण ते तीस फुटांत थांबले आणि ती शाबासकी नव्हती. उरलेला दिवस विलोच्या फांद्या तोडून चाकांपुढे अंथरण्यात गेला. त्या दिवशी सूर्य डोक्यावर होता. तिरप्या उन्हात खड्डे आणि ओघळी सावल्यांनी दिसतात, दुपारच्या सपाट उजेडात सगळे सारखे दिसते, ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती.

शंका असेल तर पट्टा चाकांनी चाचपून पाहावा. विमान उतरण्याच्या वेगाने आणायचे, थोडी शक्ती राखायची, वजन बहुतांशी पंखांवर ठेवायचे आणि चाके केवळ घासत पट्ट्याच्या लांबीभर न्यायची. वेग मोडू द्यायचा नाही आणि शेवटी पुन्हा वर जायचे. मग वळून त्या खुणांकडे पाहायचे. खुणा फिकट व उथळ असतील तर जमीन धरते आहे. खुणा गडद असतील, किंवा त्यांत पाणी झिरपून चकाकत असेल, तर नमस्कार करून पुढच्या पट्ट्याकडे जावे. हे चाचपणे प्रशिक्षकाबरोबर अनेकदा केल्याशिवाय एकट्याने करू नये, कारण अर्धे उडणारे आणि अर्धे धावणारे विमान सांभाळणे हे यातले सर्वांत नाजूक काम आहे.

नदी वळणे घेते, त्यामुळे शेवटचा उतरता मार्गही पुष्कळदा वळणाचा असतो. येथेच माणसे मरतात. ३० अंश तिरप्या वळणात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग, सुमारे ७ टक्क्यांनी, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांत ४१ टक्क्यांनी वाढतो. पट्टा हुकतो आहे असे वाटून वळण आवळणारा हात आणि खाली काय आहे हे पाहण्यासाठी घिरट्या घालणारा डोळा, दोघांचा शेवट एकच. खाली मूस (तिकडचे मोठे हरीण) दिसला म्हणून त्याच्याभोवती आवळत जाणाऱ्या घिरट्यांतून होणाऱ्या अपघाताला अलास्कात ‘मूस स्टॉल’ असे नावच पडले आहे. वळण ३० अंशांपलीकडे लागते आहे असे दिसताच शक्ती देऊन निघून जावे.

उतरण्याचा वेग सुरुवातीला स्टॉलच्या १.३ पट, म्हणजे सुपर कबला ताशी सुमारे ५६ मैल ठेवावा. अनुभवी लोक याहून हळू येतात, पण त्यांनी तो अधिकार शेकडो उतरण्यांनी कमावलेला असतो. वेग १० टक्क्यांनी वाढला तर थांबवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ४५ ऐवजी ५५ ने टेकलात तर जवळजवळ दीडपट. इतक्या कमी वेगाला वेग स्टिकने (नाक वर-खाली करणाऱ्या दांडीने) आणि उंची थ्रॉटलने (इंजिनाच्या शक्तीने) सांभाळायची असते, आणि थ्रॉटल अचानक बंद केला तर विमान दगडासारखे पडते. म्हणून चाके टेकेपर्यंत थोडी शक्ती राहू द्यावी. परत फिरण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी: त्या ओंडक्यापर्यंत सगळे जमले नसेल तर वर. ज्या पट्ट्याच्या टोकाला कडा आहे, तेथे ही जागा टेकण्याच्या बरीच आधी येते, आणि तिच्यापुढे गेल्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नसते.

चाके टेकल्यावर फ्लॅप वर घ्यावेत म्हणजे वजन चाकांवर येते, स्टिक पोटाशी ओढून धरावी आणि ब्रेक जपून वापरावेत. घाईचा ब्रेक विमान नाकावर उभे करतो. टेलव्हील विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे शेपूट पुढे यायला पाहत असते, म्हणून पाय रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलांवरून विमान पूर्ण थांबेपर्यंत हलवू नयेत. मऊ जागेत थांबू नये. गती शिल्लक असतानाच टणक भागात विमान वळवून नाक उड्डाणाच्या दिशेला करावे आणि मगच इंजिन बंद करावे.

इंजिन बंद झाल्यावर लगेच पाण्याच्या कडेला जाऊन एक काडी रोवावी. हिमनदीतून येणाऱ्या नद्या उन्हाच्या दिवशी वितळत्या बर्फाने दुपारनंतर चढतात, आणि सकाळी ७०० फूट असलेला पट्टा संध्याकाळी तेवढा राहीलच असे नाही. तासाभराने काडी पाण्यात दिसली, तर चहा अर्धा टाकून निघावे. मुक्काम करायचा असल्यास विमान पुरलेल्या ओंडक्यांना किंवा गोटे भरलेल्या पोत्यांना बांधावे. मासे अथवा मांस विमानात ठेवू नये. अस्वलाला कापडी विमान फाडायला फार वेळ लागत नाही.

सामानाबाबत अलास्काच्या कायद्याने वर्षानुवर्षे सांगितलेली यादी आजही शहाणपणाची आहे: प्रत्येकी आठवड्याचे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, मासेमारीचे गळ-दोरी, सुरी, आग पेटवण्याचे साधन, प्रत्येकी डासांची जाळी, इशारा देण्याची साधने. तिच्यात उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घालावे, आणि ते विमानात न ठेवता अंगावर बाळगावे. जमीन कोणाची आहे हेही आधी पाहावे. अलास्कातील संरक्षित रानांत विमानाने जाण्याची मुभा १९८० च्या कायद्याने राखली आहे. अमेरिकेच्या इतर राज्यांतील राष्ट्रीय उद्यानांत ठरवून दिलेल्या जागांखेरीज उतरता येत नाही.

आता उड्डाण. पट्टा पायी चालावा, जाताना एका चाकाच्या रेषेने आणि येताना दुसऱ्या. वाटेतले ओंडके बाजूला करावेत, खड्डे गोट्यांनी भरावेत, आणि वापरता येणाऱ्या लांबीच्या बरोबर मध्यावर रंगीत फडके दगडाखाली ठेवावे. त्या फडक्यापाशी उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल, म्हणजे ४५ ला उडणाऱ्या विमानाला ताशी सुमारे ३२ मैल, तर शक्ती काढून थांबावे. उंची आणि उष्णता हिशेबात धरावी. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील जॉन्सन क्रीकची गवताची धावपट्टी ४९३३ फुटांवर आहे. तेथे प्रमाण तापमान सुमारे ५ अंश धरले जाते, आणि दर जादा अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने ३० अंशांच्या दुपारी इंजिन व पंख जवळजवळ ८००० फुटांवर असल्यासारखे वागतात. अशा वेळी पहाटेची वाट पाहावी, किंवा ओझे दोन खेपांत न्यावे. दोन खेपांचा कंटाळा हे मी ऐकलेल्या बहुतेक फजितींचे मूळ आहे.

धाव घेताना अर्धे फ्लॅप, पूर्ण शक्ती, शेपूट लवकर उचललेली. विमान हलके झाल्यावर फ्लॅपची पुढची खाच ओढली की ते जमीन सोडते. पण जमीन सोडणे म्हणजे उडणे नव्हे. पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर जमिनीचा आधार मिळतो आणि त्या आधाराबाहेर घाईने वर खेचलेले विमान पुन्हा खाली बसते. म्हणून सुटल्यावर नाक किंचित खाली ठेवून पाण्यावरून सपाट जावे, वेग ६० च्या पुढे जाऊ द्यावा, आणि मग फ्लॅप थोडे थोडे वर घेत चढायला लागावे.