अणुवीज केंद्राच्या अपघातानंतरची सफाई: आधी कचऱ्याची जागा, मग फावडं

किरणोत्सारी धूळ धुतल्याने संपत नाही, जाळल्यानेही संपत नाही. ती फक्त जागा बदलते. इथून काढलेलं नेऊन ठेवायचं कुठे, हे ठरायच्या आत कशालाही हात लावू नये. इथे जे सांगितलं आहे ते केंद्राबाहेरच्या, प्रशासनाने परत जायला मोकळ्या केलेल्या घरा-अंगणांसाठी आहे. अणुभट्टीच्या आवारातलं काम वेगळंच. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात 2011 साली वितळलेलं इंधन आणि त्यात मिसळलेला मलबा मिळून सुमारे 880 टन आहे. त्यातला पहिला नमुना 2024 मध्ये बाहेर आला, तो एक ग्रॅमही नव्हता.

पहिले दिवस

बाहेर पडण्याचा आदेश येईपर्यंत घरातच थांबा. दारं-खिडक्या लावा आणि बाहेरची हवा आत ओढणारे पंखे, एसी बंद करा. बाहेरून आलेल्याने कपडे दाराशीच उतरवावेत. नुसते वरचे कपडे काढले तरी अंगावरची बहुतेक धूळ जाते. शर्ट डोक्यावरून ओढू नका, समोरून कापा आणि पिशवीत बांधून माणसांपासून दूर ठेवा. मग कोमट पाणी आणि साबण, पण खसाखसा घासणं नको. खरचटलेल्या कातडीतून धूळ आत जाते. कंडिशनरही नको, त्याने धूळ केसांना धरून राहते.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. मात्रा अशी: 12 वर्षांपुढे 130 मिलिग्रॅम, 3 ते 12 वर्षं 65, एक महिना ते 3 वर्षं 32, त्याहून लहान बाळाला 16. धूळ येण्याच्या आधीच्या 24 तासांत किंवा आल्यावर पहिल्या दोन तासांत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, धुळीतल्या सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थापुढे तिचा काही इलाज चालत नाही. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी, म्हणून साठा अपुरा असेल तर मुलं आणि गरोदर बायका आधी.

ताजं दूध आणि उघड्यावरची पालेभाजी तपासल्याशिवाय नको. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला, त्यात दुधातून गेलेल्या किरणोत्सारी आयोडीन-131 चा वाटा मोठा होता. त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) 8 दिवसांचं, म्हणजे 80 दिवसांत तो हजारावा हिस्सा उरतो. पुढची लढाई सीझियम-134 (अर्धायुष्य 2 वर्षं) आणि सीझियम-137 (30 वर्षं) यांच्याशी.

मोजणी

किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरला पातळ पॉलिथिन गुंडाळा, नाहीतर मीटरलाच धूळ लागते आणि मग सगळीकडेच आकडा चढा दिसतो. प्रत्येक ठिकाणी खूण करून दोन मोजण्या घ्या: जमिनीपासून 1 मीटरवर आणि 1 सेंटिमीटरवर. आकडा स्थिरावेपर्यंत हात हलवू नका. खालचा आकडा वरच्यापेक्षा बराच जास्त असेल तर धूळ तिथेच आहे. दोन्ही जवळपास सारखे असतील तर किरणांचा मारा शेजारच्या उतारावरून किंवा झाडीतून येतोय. तिथलं अंगण कितीही खरवडलं तरी फरक पडत नाही, आणि सर्वाधिक मेहनत वाया जाते ती इथेच.

सफाई कुठे करायची हे ठरवायला जपानने तासाला 0.23 मायक्रोसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि) हा आकडा धरला. दिवसाचे 8 तास बाहेर आणि 16 तास लाकडी घरात, जिथे बाहेरच्या 40 टक्के मात्रा पोचते, असं मानलं तर वर्षाला जादा 1 मिलिसीव्हर्ट म्हणजे तासाला 0.19. त्यात निसर्गातले 0.04 मिळवले.

वरून खाली

क्रम बदलायचा नाही: झाडी, छप्पर, पन्हळी, भिंती आणि शेवटी जमीन. जमीन आधी केली तर छपराचं पाणी तिच्यावर पुन्हा घाण आणून टाकतं. घराला लागून रान असेल तर कडेपासून 20 मीटरपर्यंतचा पाचोळा सर्वांत आधी काढा.

छपरावर सरसकट जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका. गुळगुळीत पृष्ठभाग ओल्या कागदाने किंवा फडक्याने एकाच दिशेने पुसा, आणि प्रत्येक घडी एकदाच वापरा. खडबडीत सिमेंटची कौलं आणि गंजलेला पत्रा यांत सीझियम मुरलेलं असतं. ते पुसून फारसं निघत नाही, बदलणं परवडतं. पन्हळीतला गाळ आणि शेवाळ हाताने काढून पिशवीत भरा. फवारा वापरावाच लागला तर खाली ताडपत्रीची पाळ करून पाणी अडवा. सीझियम बहुतेक करून गाळाला चिकटतं, म्हणून पाणी निवळू द्या, वरचं मोजा आणि मगच सोडा.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाहेर ठेवा. बारीक धूळ तो मागच्या बाजूने खोलीत परत सोडतो.

जमीन

सीझियम मातीतल्या चिकणकणांत घट्ट अडकतं. न उकरलेल्या जमिनीत ते बहुतांशी वरच्या 5 सेंटिमीटरमध्ये सापडतं. म्हणून आधी गवत कापून उचला, माती हलकी शिंपडून धूळ बसवा (चिखल करू नका), आणि उताराच्या वरच्या टोकापासून सुरुवात करा. N95 मास्क, रबरी हातमोजे, बूट, पूर्ण बाह्या. फावडं आडवं चालवा. एक खोल घाव बसला की वरची माती खालच्यात मिसळते आणि काढायचा ढीग दुप्पट होतो.

हिशोब आधी करा. 100 चौरस मीटर अंगणातून 5 सेंटिमीटर माती म्हणजे 5 घनमीटर, साधारण 6 टन, एका घनमीटरच्या पाच-सहा गोण्या. एक हेक्टर शेतातून 500 घनमीटर. फुकुशिमात अशाच हिशोबाने सुमारे 1.4 कोटी घनमीटर माती आणि कचरा जमला.

न्यायला जागा नसेल तर अदलाबदल करा: वरची 10 सेंटिमीटर एका बाजूला, खालची 20 दुसऱ्या बाजूला, मग वरची तळाशी आणि स्वच्छ माती तिच्यावर. मातीचा थरच आडोसा होतो. पण भूजल उथळ असेल तिथे हा मार्ग नको.

गोण्या

माती आणि पाला वेगवेगळा भरा. ओला पाला कुजतो, वायू धरतो, बसतो आणि गोण्यांची रास कलते. खाली जलरोधक अस्तर घाला. वर आणि चहूबाजूंनी स्वच्छ मातीच्या गोण्या रचा: 30 सेंटिमीटर मातीने सुमारे 98 टक्के मारा अडतो. उन्हाने गोण्या विरतात, तण त्यांना आतून भोक पाडून वर येतं. झाकण हवंच, आणि प्रत्येक गोणीवर तारीख, जागा व मोजलेला आकडा. पाचोळा जाळायचा नाही. राखेत सीझियम एकवटतं आणि धुरातून उडतं.

शेत

शेतात सगळी माती काढणं क्वचितच जमतं. 30 सेंटिमीटर खोल नांगरट करून वरचा थर खाली घाला. पिकाची मुळं सीझियमला पोटॅशियम समजून घेतात, म्हणून जमिनीत पालाश (पोटॅशियमचं खत) भरपूर ठेवा. फुकुशिमातल्या भातासाठी 100 ग्रॅम मातीत 25 मिलिग्रॅम विनिमयक्षम (मुळांना घेता येईल असं) पालाश हे लक्ष्य होतं. जनावरांना प्रशियन ब्लू (पोटात सीझियम बांधून ठेवणारं निळं रसायन) चाऱ्यातून दिलं तर दुधातलं सीझियम घटतं. रानातल्या अळंबीच्या नादी मात्र लागू नका, ती वर्षानुवर्षं सीझियम धरून असते.

मोठ्या पावसानंतर त्याच खुणांवर पुन्हा मोजा. पन्हळीच्या तोंडाशी किंवा उताराच्या पायथ्याशी आकडा चढला असेल तर वरून अजून काहीतरी वाहतंय. ते कुठून येतंय ते शोधून तिथलं आधी काढा, मग खालचं.