अमेरिकेत आपलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड कसं काढायचं, कसं वाचायचं आणि ते कोण कोण बघतं

तिकीट आलं, ऑनलाइन दंड भरला, विषय संपला असं इथे आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, मलाही तसंच वाटायचं. पण बहुतेक राज्यांत स्पीडिंगचा दंड भरणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि मग ते कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, म्हणून रेकॉर्डवर चढतं. म्हणून दुसऱ्या कुणी बघायच्या आधी आपलं रेकॉर्ड आपणच काढून बघा.

आधी काढायचं कुठून ते. लायसन्स ज्या राज्याचं, रेकॉर्ड त्याच राज्याकडे. बऱ्याच ठिकाणी त्या ऑफिसला डीएमव्ही म्हणतात, पण टेक्सासमध्ये डीपीएस, मॅसॅच्युसेट्समध्ये आरएमव्ही आणि इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस. सर्च केल्यावर वरवर ज्या प्रायव्हेट साइट दिसतात त्यांच्या नादी लागू नका, सरकारी साइटवरूनच काढा. स्वतःला बघायला साधी कॉपी पुरते, कोर्टाने मागितली असेल तर सर्टिफाइड घ्या.

आता वाचायचं कसं. पहिल्यांदा लायसन्सचं स्टेटस बघा, व्हॅलिड आहे का सस्पेंडेड, कारण एखादी नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि लायसन्स सस्पेंड झालंय हे माणसाला माहीतच नाही असं होऊ शकतं. मग खाली एकेक नोंद येते आणि प्रत्येकीला सहसा दोन तारखा असतात, एक ज्या दिवशी पकडलं ती आणि दुसरी कन्व्हिक्शनची, या दोन्हींत गल्लत करू नका. पॉइंट्सचा, म्हणजे गाडी चालवताना केलेल्या चुकांसाठी मिळणाऱ्या दंड-गुणांचा, हिशोब प्रत्येक राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात 12 महिन्यांत 4, 24 महिन्यांत 6 किंवा 36 महिन्यांत 8 पॉइंट झाले की लायसन्सवर गदा येते, आणि दारू पिऊन चालवल्याची नोंद तिथे 10 वर्षं राहते. पार्किंगचं तिकीट सहसा यात येत नाही.

बघतं कोण? सगळ्यात जास्त इन्शुरन्सवाले, पॉलिसी देताना आणि पुष्कळदा रिन्यूअलला. ते क्लू नावाचा वेगळा रिपोर्टही बघतात, त्यात 7 वर्षांपर्यंतचे क्लेम असतात आणि तो तुम्हाला वर्षातून एकदा फुकट मागवता येतो, जरूर मागवा. ट्रक चालवणाऱ्यांचं रेकॉर्ड तर कंपनीला दरवर्षी बघावंच लागतं. बाकी नोकरीत बॅकग्राउंड चेकवाल्या कंपनीकडून रेकॉर्ड काढायचं असेल तर आधी तुमची लेखी परवानगी लागते, आणि त्यावरून नोकरी नाकारायची असेल तर नाकारायच्या आधी रिपोर्टची कॉपी तुमच्या हातात द्यावी लागते, हा तुमचा हक्क आहे, मागायला लाजू नका. कोर्ट आणि पोलीस बघतातच. शेजाऱ्याला सहज म्हणून तुमची वैयक्तिक माहिती काढता येत नाही, 1994 च्या फेडरल कायद्याने ते बंद केलंय. दुसऱ्या राज्यात मूव्ह झालात म्हणून पाटी कोरी होत नाही, बहुतेक राज्यं कन्व्हिक्शन एकमेकांना कळवतात, आणि नवीन लायसन्स देताना नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरमध्ये, म्हणजे लायसन्स सस्पेंड किंवा रद्द झालेल्यांच्या देशभराच्या यादीत, तुमचं नाव तपासलं जातं.

चूक सापडली तर काय करायचं ते माझ्यावरूनच सांगते. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे पॉइंट टाळण्यासाठी करायचा कोर्स, वेळेत पूर्ण करूनही माझ्या रेकॉर्डवर पॉइंट दिसत होता आणि रिन्यूअलला प्रीमियम वाढून आला. लायसन्सच्या ऑफिसात दीड तास लाइनीत उभी राहिले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की कन्व्हिक्शन आम्ही बदलू शकत नाही, कोर्टाकडून दुरुस्ती यायला हवी. म्हणून आधी नोंदीवर कोर्टाचं नाव आणि केस नंबर शोधा, तिथल्या क्लार्कला कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट दाखवा, त्यांना दुरुस्ती पाठवायला लावा, काही आठवड्यांनी रेकॉर्ड परत काढून खात्री करा. आणि मग इन्शुरन्स कंपनीला फोन करून रेट नव्याने काढायला सांगा, माझा मी फोन केल्यावरच कमी झाला.