झेरॉक्स मशीन कागद अडकवतंय? आधी ट्रे बघा, या चुका टाळा

बेळगावच्या कोर्ट आवाराभोवतीची दुकानं असोत, खानापूर-निपाणीची तहसील कचेरी असो किंवा चिकोडीकडच्या एखाद्या सोसायटीचं ऑफिस, मशीन अडलं की पहिला निकाल ठरलेला: "रोलर गेला." रोलर जातातही. पण मेकॅनिकला फोन लावण्याआधी ट्रे बाहेर ओढून दोन मिनिटं नीट बघावा. मशीनला कागदाचं माप आपोआप कळत नाही. ट्रेमधले सरकते गाईड जिथे उभे असतील, किंवा ट्रेच्या तोंडावरचा डायल जे आकडे दाखवत असेल, त्यावर ते विश्वास ठेवतं. तिथे चूक झाली की जाम, तिरकी प्रत, कापलेली ओळ, पाठीमागे काळे डाग, सगळं त्याच एका कारणानं होऊ शकतं.

लीगल म्हणजे नक्की कुठलं लीगल?

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. मशीनवर ‘एलजीएल’ किंवा ८½ × १४ असं लिहिलेलं असतं ते अमेरिकन लीगल: २१६ × ३५६ मिमी. बाजारात लीगल म्हणून मिळणारी रीम मात्र बहुतेक वेळा २१५ × ३४५ मिमीची असते. रुंदी जवळपास तीच, लांबीत ११ मिमीचा फरक. त्यात जुनी माणसं याच कागदाला फुलस्केप म्हणतात, आणि मशीनच्या यादीतला फुलस्केप साधारण ८½ × १३ इंच, म्हणजे ३३० मिमी लांबीचा असतो. मापं तीन, गिऱ्हाईकाच्या तोंडी शब्द एकच: "लीगलवर मारून द्या."

आता ३४५ मिमीचा कागद भरून मागचा गाईड ‘एलजीएल’च्या खुणेवर ठेवला तर काय होतं? कागदाच्या मागे ११ मिमी जागा मोकळी राहते. ट्रे जोरात लावला की गठ्ठा त्या जागेत मागे सरकतो आणि पिकअप रोलरच्या (वरचा कागद ओढून आत नेणारा रबरी रोलर) पुरेसा खाली येत नाही. कागद उशिरा निघतो, सेन्सर वाट बघून थकतो आणि जाम दाखवतो. काही मशीन हे मुकाट्यानं चालवून घेतात, पण ३५६ मिमीच्या हिशेबानं प्रतिमा काढतात. शेवटच्या ११ मिमीचा मजकूर कागदावर उतरायला कागदच उरलेला नसतो. नेमकी तिथेच खरेदीखतावरची सही किंवा शिक्का असतो. शिवाय तो टोनर (छपाईची काळी पूड) कागदाऐवजी ट्रान्सफर रोलरवर, म्हणजे टोनर कागदावर उतरवणाऱ्या रोलरवर, बसतो आणि पुढच्या प्रतीच्या पाठीवर काळपट पट्टा उमटतो. अशा पट्ट्यासाठी ड्रम (ज्यावर आधी प्रतिमा उमटते तो दंडगोल) बदलून घेतल्याची उदाहरणं कमी नाहीत. ड्रमचा इथे काही दोष नसतो.

उपाय सोपा आहे. रीमच्या लेबलवरचं मिलिमीटरचं माप वाचा; लेबल फाटलं असेल तर पट्टी लावा. मागचा गाईड छापील खुणेला नव्हे, कागदाच्या कडेला टेकवा. मग पॅनेलवर ट्रेचं माप बदला. कॅननच्या काही मशीनमध्ये ‘इंडिया लीगल’ असा पर्याय यादीत असतो, तो नेमका २१५ × ३४५चा. तो नसेल तर कस्टम साइजमध्ये दोन्ही आकडे घाला. कुठला आकडा लांबीचा आणि कुठला रुंदीचा, हे स्क्रीनवरच्या चित्रात बाण बघून ठरवा, अंदाजानं नको. काही ट्रेच्या डायलवर तारकेची खूण असते. डायलवर नसलेल्या मापांसाठी ती आहे: डायल तारकेवर आणा आणि माप पॅनेलवरून निवडा. डायल एकावर आणि पॅनेल दुसऱ्यावर ठेवू नका.

लीगलचा मजकूर ए-फोरवर हवा असेल तर ३४५ मिमीच्या मूळ कागदाला ८६ टक्के आणि ३५६च्या मूळ कागदाला ८३ टक्के ठेवा. ही गरज आता वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० पासून ए-फोर, किमान ७५ जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आणि दोन्ही बाजूंनी छपाई असा नियम केला, पण जुनी कागदपत्रं लीगलवरच आहेत. त्यामुळे एकाच ट्रेमध्ये सकाळी ए-फोर, दुपारी लीगल असा खेळ चालतो आणि प्रत्येक बदलाच्या वेळी गाईड चुकायची संधी मिळते. दोन ट्रे असतील तर एक कायमचा ए-फोरला आणि एक कायमचा लीगलला द्या, आणि तोंडावर कागदाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून चिकटवा.

बाजूचे गाईड: सैल आणि करकचून, दोन्ही वाईट

बाजूचे दोन गाईड खालून दातेरी पट्ट्यांनी एका छोट्या चाकाला जोडलेले असतात. म्हणून एक सरकवला की दुसराही तेवढाच सरकतो आणि कागद कायम मधोमध राहतो. लॉकची क्लिप, बहुधा हिरवी किंवा निळी, फक्त एका गाईडला असते. क्लिप न दाबता दुसऱ्या गाईडला ढकललं तर चाकाचा एखादा दात उडी मारतो. तेव्हापासून कागद सरळ जातो, पण मजकूर प्रत्येक प्रतीवर तेवढाच डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला येतो. तपासायला सोपं: ट्रे रिकामा करून प्रत्येक गाईडपासून ट्रेच्या त्या बाजूच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि दुसऱ्या, नीट चालणाऱ्या त्याच मॉडेलच्या ट्रेशी ताडून बघा. फरक दिसला तर चाक काढून, दोन्ही पट्ट्या पूर्ण उघडून परत बसवावं लागतं. हे काम मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं, पट्ट्यांचे दात प्लास्टिकचे असतात.

गाईड सैल असेल तर कागद तिरका निघतो. ओळी एका बाजूला चढत जातात आणि कोपरा दुमडून जाम होतो. करकचून लावला तर गठ्ठा मधून फुगतो आणि रोलर घसरत राहतो. बरोबर ताण ओळखायची खूण अशी: गाईड कडेला टेकलेला असावा, फट दिसू नये, आणि वरचा एक कागद बोटानं पुढे सरकवला तर अडखळू नये. गाईड टेकवल्यावर क्लिप सोडली की ती खाचेत बसते. त्या वेळी गाईड कधीकधी एका खाचेनं मागे येतो. म्हणून क्लिप सोडल्यावर परत एकदा बघायचं. बहुतेकांचं तिरकं येणं इथेच सुटतं.

ए-थ्री घेणाऱ्या मशीनमध्ये आणखी एक गोम आहे. ए-फोर तिथे दोन्ही बाजूंनी बसतो: आडवा ठेवला तर ‘ए-फोर’, उभा ठेवला तर ‘ए-फोर आर’. आडवा ठेवलेला जलद चालतो, कारण त्याला २९७ ऐवजी २१० मिमीचाच प्रवास असतो. लीगलला मात्र ही सवलत नाही. ट्रेची रुंदी २९७ मिमीची, त्यामुळे तो एकाच बाजूनं बसतो. ज्याला दिवसभर ए-फोरच काढायचे आहेत त्यानं ते उभे भरून मशीन उगाच हळू चालवू नये.

गठ्ठा भरताना

बाजूच्या गाईडवर आतून एक रेघ असते. ती कमाल उंचीची. २५० कागदांच्या ट्रेमध्ये अख्खी रीम कोंबणं हा आपल्याकडचा रोजचा प्रकार. ७५-८० जीएसएमची ५०० कागदांची रीम सुमारे पाच सेंटीमीटर जाड होते, म्हणजे छोट्या ट्रेमध्ये अर्धीच बसणार. रेघेच्या वर गेलात की वरचे कागद ट्रे लावताना मशीनच्या कडेला घासून पुढे किंवा मागे ढकलले जातात.

छोट्या मशीनच्या काही ट्रेमध्ये तळाची पत्र्याची प्लेट स्प्रिंगवर असते. कागद भरण्याआधी ती खाली दाबून ‘टक्’ होईपर्यंत बसवायची. तसं न करता भरलं तर गठ्ठा उंच राहतो आणि ट्रे आत जात नाही. मोठ्या मशीनमध्ये मोटर प्लेट उचलते. ट्रे लावल्यावर काही सेकंद घरघर ऐकू येते, तेवढा वेळ ट्रेला हात लावू नका.

रीम फोडल्यावर कागद दोन्ही हातांनी वाकवून पानं सुटी करा, मग टेबलावर चारही कडा ठोकून सरळ करा. रीमच्या कापलेल्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणून नव्या रीमचे पहिले कागद दोन-दोन निघतात. वेष्टनावर छपाईच्या बाजूचा बाण असेल तर तो पाळा. ट्रेमध्ये छपाईची बाजू वर की खाली, हे मशीनप्रमाणे बदलतं. एका कागदावर पेन्सिलीनं फुली मारून एक प्रत काढली की कळतं. तीच युक्ती लेटरहेडलाही.

आणि ऑफिसची एक लाडकी काटकसर: एका बाजूनं वापरलेले कागद ट्रेमध्ये भरणं. त्यातल्या स्टेपलच्या पिना ड्रमवर ओरखडे पाडतात, दुमडलेले कोपरे अडकतात आणि जुना टोनर रोलरवर उतरतो. कच्च्या कामाला ते वापरायचेच असतील तर पिना काढून बायपासमधून (बाजूचा, हातानं कागद घालायचा ट्रे) थोडे थोडे घाला.

मिरगापासून गणपतीपर्यंत

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात आणि खुद्द बेळगाव शहरातही पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो. ओला कागद चिकटतो, कडेनं लाटा घेतो, फ्यूजरच्या (टोनर कागदावर भाजून पक्का करणारा भाग) उष्णतेत चुरगळतो आणि छपाईत पांढुरके डाग सोडतो. ओलसर कागदावर टोनर नीट उतरत नाही, म्हणून डाग येतात. टोनर कमी झालाय असं समजून लोक डेन्सिटी (छपाईचा गडदपणा) वाढवतात, टोनर मात्र जास्त खर्च होतो आणि डाग तसेच राहतात.

रीमचं वेष्टन आतून ओल अडवणारं असतं. वापरायच्या वेळीच फोडा आणि उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून परत ठेवा. रीम जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नको, लाकडी फळीवर आडवी ठेवा. बाहेरच्या गोडाऊनमधून आणलेली रीम वेष्टनासकट एक दिवस मशीनच्या खोलीत राहू द्या, मगच फोडा. ट्रेमध्ये दिवसभराला लागेल तेवढाच कागद भरा. दुसऱ्या दिवशी रात्रभराच्या ओल्या गठ्ठ्यावर नवा कागद टाकू नका. जुना बाहेर काढा, वाळत असेल तर बायपासमध्ये संपवा.

काही मशीनमध्ये ट्रेखाली छोटा हीटर असतो किंवा वेगळा बसवून मिळतो. तो मशीन बंद असतानाही, प्लगमध्ये वीज असेल तोवर चालतो. संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करायच्या सवयीमुळे नेमका रात्री, गरज असते तेव्हाच, तो थंड पडतो.

अथणी-रायबागकडे उलट त्रास. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते आणि दोन-दोन कागद एकत्र निघतात. तिथे पानं सुटी करणं हाच पहिला इलाज, ओल्या फडक्याचे प्रयोग नकोत.

सेकंडहँड मशीन आणि जाड कागद

परदेशातून आलेली जुनी मशीन स्वस्तात मिळतात. त्यातली काही आतून इंचाच्या मापावर लावलेली असतात. ए-फोर भरला तरी मशीन त्याला अमेरिकन लेटर, म्हणजे २१६ × २७९ मिमी समजतं, आणि खालच्या दोन-तीन ओळी गायब होतात. गाईड कितीही सरकवा, हे सुटत नाही. विकत घेतानाच ती सेटिंग मिलिमीटरवर बदलून घ्या आणि समोर ए-फोर, लीगल दोन्हीच्या प्रती काढून बघा.

व्हीटीयूच्या (बेळगावचं तंत्रशास्त्र विद्यापीठ) प्रोजेक्ट रिपोर्टच्या दिवसात एक्झिक्युटिव्ह बाँडचा मारा असतो. जाड बाँड आणि हिरवा लेजर पेपर ट्रेमध्ये न भरता बायपासमधून घाला आणि पॅनेलवर कागदाचा प्रकार ‘थिक’ निवडा. प्रकार साधा ठेवलात तर टोनर पुरेसा भाजला जात नाही आणि बोटानं पुसला जातो. बायपासचे गाईड हातानं लावायचे असतात. मशीनला तिथे फार तर रुंदी कळते, लांबी पॅनेलवर सांगावी लागते. रुंदी सारखीच असल्यानं बाजारातला लीगल आणि अमेरिकन लीगल यांचा घोळ इथेही होतो.

जाम कुठे झाला ते बघा

कागदाचं पुढचं टोक ट्रेमधून हललंच नसेल तर मागचा गाईड, प्लेट किंवा गुळगुळीत झालेला पिकअप रोलर. थोडं बाहेर येऊन तिरकं थांबलं असेल तर बाजूचा गाईड. दोन कागद एकत्र आले असतील तर ओल, न सुटलेली पानं किंवा झिजलेला सेपरेशन पॅड (एका वेळी एकच कागद सोडणारा रबरी तुकडा). कागद असूनही ‘पेपर नाही’ असं दाखवत असेल, किंवा ट्रे दोन-तीन मिमी बाहेर राहत असेल, तर ट्रे पूर्ण काढून टॉर्चनं आत बघा. मागे पडलेला एखादा कागद भात्यासारखा चेपून बसलेला सापडतो.

मग तोच कागद दुसऱ्या ट्रेमध्ये घालून वीस प्रती काढा. जाम कागदाबरोबर गेला तर कागद बदला. पहिल्या ट्रेलाच चिकटून राहिला तर रोलर पिळलेल्या ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि परत बघा. थिनर किंवा पेट्रोल कधीच नको, रबर फुगतं आणि चिरतं.

एवढं करूनही त्रास राहिला तर मेकॅनिकला फोनवर चार गोष्टी सांगा: स्क्रीनवरचा जाम कोड, ट्रेचा नंबर, कागदाचं मिमीमधलं माप आणि जीएसएम, आणि काउंटरचा (आजवर निघालेल्या प्रतींचा) आकडा. म्हणजे तो योग्य सुटे भाग घेऊनच येईल. रोलर बदलायचेच ठरले तर पिकअप, फीड आणि सेपरेशन हे तिन्ही एकदम बदलून घ्या. एक नवा आणि दोन झिजलेले असा संच फार दिवस टिकत नाही. बदलल्याची तारीख आणि काउंटर ट्रेच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.