प्रोलॉगमधे 'बाप' आधी टाका, 'पूर्वज' मागून
प्रोलॉग लॉजिकची प्रोग्रामिंग भाषा हाय म्हणून अटी कुठंबी टाकल्या तरी चालते असं नाही भाऊ, प्रोलॉग नियम वरून खाली अन् अटी डावीकडून उजवीकडंच पायते. मी आमच्या घराण्याची वंशावळ टाकली, पूर्वजच्या नियमात पहिली अट पुन्हा 'पूर्वज' अन् 'बाप' मागून, तं त्यानं दोन-चार नावं सांगितली अन् मंग फिरतच बसला, स्टॅक (अर्धवट कामं लक्षात ठेवायची मेमरी) भरला, तेबी ऐन लाइन जायच्या टायमाले. दोन अटींची अदलाबदल केली, झालं काम.

हास्केल ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा आळशी, गरजेशिवाय मोजतच नाही, अनंत यादीतले पहिले 5 आकडे मागा, आरामात देते. पण ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं प्रोग्राम आपोआप सुधारणं) बंद ठेवून फोल्ड-एलनं (foldl, यादी डावीकडून एकेक करून गोळा करणारं फंक्शन) लाखो आकडे बेरजेले लावले तं न मोजलेल्या बेरजा मेमरीत कुटाराच्या गंजीवानी साचतेत, तिथं फोल्ड-एल-प्राइम (foldl', हे दर बेरीज लगेच मोजते) वापरा.