सुलभ व्यायामसाधनांच्या डिझाइनमध्ये येताना: मुंबईतल्या नवख्यांसाठी

अपंग व्यक्तीला घरी वापरता येईल असं व्यायामाचं यंत्र करायला घेतलं की नवखा डिझाइनर आधी व्यायामाचंच चित्र काढतो. हात कुठून कुठे जाईल, कोणता स्नायू काम करेल वगैरे. खरी अडचण त्याच्या आधीच उभी असते. व्हीलचेअर यंत्रापर्यंत पोचते का? हँडल पकडता येतं का? ताण एका हाताने कमीजास्त होतो का? आणि मध्येच थांबायची वेळ आली तर हात पटकन सुटतो का? हे चार प्रश्न सुटेपर्यंत स्नायूंचा विषय काढूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

या कामात माणसं साधारण तीन वाटांनी येतात: प्रॉडक्ट डिझाइन, मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपी. पवईच्या आयआयटीत 1969 पासून आयडीसी हा डिझाइन शिकवणारा विभाग आहे, तिथल्या एम.डेस.साठी सीड आणि बारावीनंतरच्या बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा द्यावी लागते. ऑक्युपेशनल थेरपीची तर देशातली सुरुवातच परळच्या केईएममध्ये झाली, 1950 साली, कमला निंबकर यांच्यामुळे. हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पदवी कोणतीही असो, उरलेल्या दोन बाजूंचं काम जवळून पाहिल्याशिवाय पहिलं स्केच काढू नका. इंजिनिअरला पाठीच्या कण्याच्या दुखापतीच्या पातळ्या कळायला हव्यात, आणि फिजिओला बॉक्स पाईपचे भाव.

आधी खोली मोजा. व्हीलचेअर पूर्ण वळवायला 1500 मिमी व्यासाची मोकळी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत दिवाण, कपाट आणि फ्रिज मांडल्यावर ती क्वचितच उरते. म्हणून यंत्राजवळ सरळ जाता आलं पाहिजे आणि तसंच मागे सरकत बाहेर येता आलं पाहिजे. वापर झाल्यावर ते भिंतीला लागलं पाहिजे किंवा दिवाणाखाली गेलं पाहिजे, आणि ते उचलणारी बहुतेक वेळा घरातली आई किंवा बायको असते. 40×40×2 मिमी बॉक्स पाईपचं वजन मीटरला साधारण 2.4 किलो भरतं. आठ मीटर पाईप लागला तर बाकी काही बसवण्याआधीच 19 किलो झाले. सांगाड्याचे दोन तुकडे करा, एकाला चाकं लावा.

आता उलटण्याचा हिशोब. नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात, म्हणून नीट मांडतो. बसलेली व्यक्ती 60 किलोची, खुर्ची 18 किलोची, एकूण 78. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून 150 मिमी पुढे आहे, असं धरा. छातीसमोरची हँडलं पुढे ढकलली की तेवढंच बळ अंगावर उलट मागे येतं, जमिनीपासून अंदाजे एक मीटर उंचीवर. 78 गुणिले 150 भागिले 1000, म्हणजे जेमतेम 11.7 किलो. दोन्ही हातांचा मिळून एवढा जोर लागला की पुढची चाकं उचलली जातात. ब्रेक लावलेला असूनही. ब्रेक चाक फिरू देत नाही, पण खुर्ची उलटायची थांबवत नाही. खुर्ची यंत्राच्याच तळपट्टीवर उभी केली तर यंत्र सरकत नाही, पण उलटण्याचा धोका तसाच राहतो. त्यासाठी खुर्चीच्या पुढच्या फ्रेमपासून तळपट्टीला पट्टा हवा, शिवाय मागे अँटी-टिपर चाकं, म्हणजे खुर्ची मागे उलटू न देणारी छोटी चाकं. पट्टा फुटरेस्टला किंवा आर्मरेस्टला कधीच अडकवू नका, ते निघतात.

कार्डिओसाठी हाताने फिरवायचा क्रँक, म्हणजे सायकलच्या पेडलसारखा दांडा, हा बसून करायच्या व्यायामाचा सरळ मार्ग आहे. क्रँकचा आस खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली ठेवा. नुसती उशीच 50 ते 100 मिमी खाते, त्यामुळे आस वरखाली व्हायला 200 मिमी तरी वाव ठेवा. सायकलचा 170 मिमीचा क्रँक हातांना लांब पडतो. 100 ते 130 मिमीचा घ्या. 130 मिमीच्या क्रँकवर मिनिटाला 60 फेऱ्यांनी 25 वॅट काढायचे तर सरासरी 3 किलोच्या आसपास जोर लागतो, तोही दोन्ही हातांत वाटून. नवशिक्या वापरणाऱ्यासाठी सर्वांत कमी ताण याच्याही खाली असावा.

क्रँकला ताण द्यायला फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) ब्रेक स्वस्त असतो. पण तो तापला की गुळगुळीत होतो आणि पावसाळ्यात ओल धरतो, त्यामुळे काल ठरवलेला ताण आज तोच असेल याची खात्री नसते. अॅल्युमिनियमच्या चकतीजवळ चुंबक आणणारा ब्रेक घ्या. घासणं नाही, वीज नाही, आणि हळू फिरवलं की ताण आपोआप कमी होतो. चकती जड घेतली तर ती थकलेल्या हाताला अवघड टप्प्यातून पुढे नेते, पण हात पट्ट्याने बांधलेला असेल तर तीच चकती हात ओढत राहते. झटके येणाऱ्या व्यक्तीला त्यातून दुखापत होऊ शकते. चकती हलकी ठेवा आणि फ्रीव्हील लावाच, म्हणजे हात थांबला तरी चकती त्याला ओढणार नाही.

पल्सच्या आकड्यावर सगळं सोडू नका. छातीच्या वरच्या भागात कण्याला दुखापत असेल किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारं औषध) चालू असेल, तर मेहनत वाढूनही पल्स तितकी वाढत नाही. 6 ते 20 च्या बोर्ग मापावर ‘किती जड वाटतंय’ हे विचारणं जास्त भरवशाचं. टी-6 (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्यावरच्या दुखापतीत आवळलेल्या पट्ट्यानेही रक्तदाब एकदम उसळू शकतो. घामही नीट येत नाही, म्हणून मुंबईच्या दमटपणात पंखा कुठे येईल हेसुद्धा आराखड्यात दाखवा.

ताकदीच्या व्यायामात पाच-पाच किलोच्या उड्या चालत नाहीत. पायरी अर्ध्या किलोची हवी. एका हलत्या पुलीने जोर निम्मा होतो आणि दोरीचा प्रवास दुप्पट, एवढ्यावरही बरंच निभावतं. रबरी बँड स्वस्त पडतात, पण ताणाल तसा जोर वाढतो आणि ऊन, घाम व जुनेपणाने त्यांना चिरा जातात. सामान मोजायच्या डिजिटल काट्याने प्रत्येक बँडचा ताण लांबीनुसार मोजून तक्ता करा. काही आठवड्यांच्या वापरानंतर पुन्हा मोजा. व्हीलचेअर ढकलून खांद्याचा पुढचा भाग आधीच दमलेला असतो, म्हणून यंत्रात ओढायचे व्यायाम ढकलण्यापेक्षा जास्त असावेत.

पकड असलेल्या हाताला 30 ते 40 मिमी जाडीचं हँडल ठीक बसतं. सी-6 (मानेतला सहावा मणका) पातळीच्या दुखापतीत बोटं मिटत नाहीत. तिथे 50 मिमी रुंद वेल्क्रोचा मनगटपट्टा लागतो, त्याच्या टोकाला अंगठा किंवा दात घालता येतील अशी मोठी कडी. त्वचेकडच्या बाजूला शिवण नको. संवेदना नसलेल्या त्वचेवर ती जखम करते आणि ते कळतही नाही. खटके आणि खुंट्या बंद मुठीने चालल्या पाहिजेत. 22 न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोच्या आत. कमी दिसणाऱ्यांसाठी ताणाच्या प्रत्येक खुणेवर बोटाला लागेल अशी खाच ठेवा.

बेअरिंग आणि स्प्रिंग नागदेवी स्ट्रीटला मिळतील, पट्टे शिवून द्यायला धारावीत कारागीर आहेत, वेल्डिंगला साकीनाका किंवा वसई. फॅब्रिकेटरकडे जाताना एक गोष्ट पक्की ठेवा: बाजारातल्या पाईपच्या आतून वेल्डची शिवण असते, म्हणून पाईपात पाईप कागदावर बसतो तसा बसत नाही. शिवाय पावडर कोटिंगने बाहेरच्या मापात दोन बाजू मिळून 0.15 मिमीच्या आसपास भर पडते. आधी सरकणारा पाईप रंगवून आला की अडकतो. जबरदस्ती केली की रंग खरवडतो, आणि जुलैपर्यंत तिथेच गंज धरतो. 50×50×2 च्या आत 40×40 घ्या आणि प्रत्येक बाजूच्या सुमारे 3 मिमीच्या फटीत नायलॉनच्या पट्ट्या बसवा. पाईपची उघडी टोकं बंद करा, नट-बोल्ट स्टेनलेस 304 चे वापरा.

चाचणी आधी वजनं टांगून घ्या, माणसावर नंतर, तीही थेरपिस्ट समोर असताना. एका जागी ठेवायच्या व्यायामसाधनांसाठी आयएसओ 20957 ही मानकमालिका आहे, ती वाचलेली असावी. चाचणीला येणाऱ्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि टॅक्सीचं भाडं वेगळं. पोर्टफोलिओत कॉम्प्युटरवर काढलेल्या चकचकीत चित्रापेक्षा (रेंडर) तडा गेलेल्या वेल्डचा फोटो, त्याचं कारण आणि बदललेला जोड दाखवा. शेवटच्या पानावर मराठी-हिंदीतलं वापरपत्रक ठेवा: मोठा टाइप, आणि झिजणाऱ्या प्रत्येक भागाचं माप, म्हणजे बेअरिंग गेलं तर घरच्यांना ते जवळच्या दुकानातून नंबर सांगून आणता येईल.