वर्किंग टेरियरचं पिल्लू निवडताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी मला फोटो पाठवतं. टोपलीत पाच-सहा पिल्लं आणि खाली प्रश्न, "यातलं कामाला कुठलं चांगलं निघेल?" टेरियर कुत्र्याचं काम म्हणजे उंदीर मारणं, बिळातलं जनावर हुडकणं. फोटोत आई नाही, बापाचा पत्ता नाही, मग मी काय सांगणार? मराठीत दोन म्हणी आहेत, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात आणि खाण तशी माती. टेरियरचं पिल्लू घेताना पहिली पूर्ण विसरा आणि दुसरी पाठ करून जा, कारण बहुतेक सगळ्या चुका पहिलीवर विश्वास ठेवल्यामुळेच होतात.

सगळ्यात जास्त उड्या मारणारं पिल्लू उचलणं

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो. सहा पिल्लांचं लिटर, म्हणजे एकाच वेताची पिल्लं होती, साधारण आठ आठवड्यांची. मी खाली बसलो तसा एक नर धावत आला, बुटाची लेस धरली आणि मागच्या पायांवर जोर देऊन ओढायला लागला, फडकं दिलं तर गुरगुरत झटके देऊन फाडलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, हाच. आई कुठाय विचारलं तर "बाहेर नेलीय" असं उत्तर आलं आणि मीही पुढे विचारलं नाही. भिंतीपाशी एक बारकी मादी नुसती बसून सगळं बघत होती, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा व्यवहार वीस मिनिटांत उरकला.

दहा महिन्यांचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा धान्याच्या गोदामात नेलं. कोणीतरी शटर वर केलं, त्याचा खडखडाट झाला आणि हा जो गाडीखाली घुसला तो अर्धा तास बाहेर आला नाही. पोटावर सरपटत मलाच त्याला काढावं लागलं, अंग थरथरत होतं त्याचं. पुढे कळलं की त्याची आई मुळात बुजरी, अनोळखी माणूस दिसला की कोपऱ्यात जाऊन दात दाखवणारी, कामाला कधी नेलेलीच नाही. बापाबद्दल तर विकणाऱ्यालाच नीट माहीत नव्हतं.

ती भिंतीपाशी बसलेली मादी माझ्या मित्राने नेली होती. भित्रेपणा एकाच लिटरमध्येही सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, आणि मित्राने तिला लहानपणी पुष्कळ आवाज, जागा, माणसं दाखवली. तिला मी गवताच्या गंजीवर काम करताना बघितलंय. नाक बिळाच्या तोंडाशी, एक पुढचा पाय वर, कान पुढे, दहा मिनिटं हलली नाही. बाकीचे कुत्रे भुंकत गंजीभोवती पळत होते. शेवटचा थर उचलला तेव्हा जे उंदीर निघाले त्यातले निम्म्याहून जास्त तिने एकटीने घेतले, आणि आवाज केला नाही.

सांगायचं काय, तर आठ आठवड्यांचं पिल्लू लेस ओढतं म्हणजे ते धीट आहेच असं नाही. ते नुकतं झोपून उठलेलं असेल, भुकेलं असेल, भावंडांत अंगाने मोठं असेल. त्या वयातल्या एका वेळच्या वागण्यावरून मोठेपणीचा कुत्रा ओळखता येत नाही. अर्थात ज्यांना आज संध्याकाळीच पिल्लू घरी हवं असतं त्यांना हे ऐकायचंच नसतं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

आता मी काय करतो ते सांगतो, ही माझी सवय आहे, नियम नाही. आधी आई बघतो, आणि नुसती बघत नाही तर काम करताना बघतो. बाप बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो, मग त्याच्या मालकाला गाठतो. त्याच जोडीचं आधीचं लिटर असेल तर त्यातली मोठी झालेली एक-दोन भावंडं तरी बघतोच, यासारखी दुसरी परीक्षा नाही. हे सगळं जमलं तरच पिल्लांकडे वळतो, तेही किमान तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी. किल्ल्यांचा जुडगा पिल्लांच्या मागे खाली टाकतो. सगळी दचकतात, दचकू देत. दचकून पुन्हा किल्ल्या हुंगायला कोण येतं आणि किती वेळात येतं ते बघायचं. फडकं ओढत नेऊन खोक्यामागे दिसेनासं करतो, तेव्हा बहुतेक पिल्लं लगेच दुसरीकडे वळतात, एखादं मात्र खोक्याला वळसा घालून शोधत राहतं. आई-बाप पसंत असतील तर मी ते घेतो.

यावर कोणीतरी हमखास जॅक रसेलची गोष्ट काढतं, की त्या पाद्रीबुवांनी १८१९ साली ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडची ट्रंप नावाची मादी बघताक्षणी घेतली आणि त्यातून अख्खी जात झाली. बघताक्षणी घेतली हे खरंच, पण जात झाली ती त्यांनी पुढे कित्येक वर्षं कामावर पारखून निवड केली म्हणून. ती वर्षं सगळे विसरतात आणि दूधवाला तेवढा लक्षात ठेवतात.

व्रण मिरवणारा बाप

"बघा तोंड कसं फाटलंय, किती कडक आहे," असं सांगून पिल्लं विकतात आणि नवशिके भारावून जातात. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. टेरियर हा शब्दच जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय, आणि जमिनीखाली या कुत्र्याचं मूळ काम होतं समोरच्या जनावराला भुंकून अडवणं किंवा बाहेर काढणं, म्हणजे वरच्या माणसाला आवाजावरून जागा कळते. मारामारी करणं नव्हतं. जो दर वेळी फाटून येतो तो वर्षातले निम्मे दिवस टाके घालून घरी पडलेला असतो. एखाद-दुसरा जुना व्रण असेल तर हरकत नाही, पण जबडाच जागेवर नसेल तर तिथे अक्कल कमी आहे, कुत्र्याची नाही तर मालकाची.

उंदरांवरही तेच. चांगला टेरियर एक चावा, एक झटका आणि टाकून पुढच्याकडे. मेलेला उंदीर चघळत जो उभा राहतो त्याच्या मागून पाच निघून जातात.

आणि कायदा बघा हो आधी. ज्या इंग्लंडमध्ये यातल्या कित्येक जाती घडल्या तिथे आणि वेल्समध्ये २००४ च्या हंटिंग ॲक्टमुळे २००५ पासून कुत्र्यांनी कोल्ह्यासारखी जंगली जनावरं मारणं बंद आहे, उंदीर आणि ससे जागेच्या मालकाची परवानगी असेल तरच. तुम्ही जिथे राहता तिथे काय चालतं हे पिल्लू घ्यायच्या आधी माहीत हवं. बहुतेकांच्या वाट्याला उंदीरच येणार, आणि त्यात काही कमीपणा नाही.

छाती न मोजणं

उंची सगळे विचारतात, छाती कोणी विचारत नाही, आणि कुत्रा बिळात अडकतो तो छातीमुळे. पार्सन रसेल आणि बॉर्डर टेरियर दोन्हींच्या मानकांत, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनांत, लिहिलंय की खांद्यामागे छाती दोन हातांच्या पकडीत मावली पाहिजे. कुत्र्याच्या मागे उभं राहायचं, पुढचे पाय जमिनीवरून हलकेच उचलायचे, कोपरांच्या मागून दोन्ही हात घालायचे, अंगठे वर पाठीवर आणि बोटं खाली. साधारण माणसाच्या हातात बोटांची टोकं जुळली पाहिजेत. मग थोडं दाबून बघा, बरगड्या दबल्या पाहिजेत, पिंपासारखी कडक छाती अरुंद जागी उपयोगाची नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या अर्थडॉग टेस्टमधला, म्हणजे टेरियरला जमिनीखाली सोडून घेतलेल्या परीक्षेतला बोगदा ९ इंच रुंद आणि ९ इंच उंच असतो, यावरून अंदाज घ्या. पिल्लाची छाती मोजून काही कळत नाही, आई-बापाची मोजा. मालक हात लावू देत नसेल किंवा कुत्राच लावू देत नसेल तर दोन्हीतून काय समजायचं ते समजा.

पिल्लासमोर उंदीर सोडून "टेस्ट" घेणं

करू नका, कोणी करून दाखवत असेल तर उठून घरी या. क्रूर तर आहेच, वर त्यातून काही कळतही नाही, आणि मोठ्या उंदराने नाकाला धरलं तर चांगलं पिल्लू कायमचं बुजतं.

डोळे आणि कान

रसेल, पॅटरडेल, यागटेरियर अशा बऱ्याच टेरियरांत डोळ्याचं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीएलएल म्हणतात. तो बहुतेक ३ ते ८ वर्षांच्या वयात दिसतो, म्हणून दोन वर्षांचे आई-बाप ठणठणीत दिसले तरी ती खात्री नाही. दोघांत एकेक दोषी जनुक असेल तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. डीएनए टेस्ट आहे, रिपोर्ट मागा, तोंडी "काही नाही हो" चालणार नाही. पांढऱ्या पिल्लांत बहिरेपण जास्त. दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू कळतं तरी, एका कानाचं घरात अगदी नॉर्मल वाटतं, पण आवाज कुठून आला ते त्याला कळत नाही आणि कामावर तिथेच सगळं अडतं. सहा-सात आठवड्यांपासून बीएईआर नावाची, प्रत्येक कान वेगळा तपासणारी टेस्ट करता येते.

बाकीच्या

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेणं, नकोच.

एकाच लिटरची दोन पिल्लं एकदम घेणं. दोघं एकमेकांचंच ऐकतात, तुमचं नाही.

रंग बघून निवडणं. उंदराला रंगाशी काय घेणं?

शोमधली बक्षिसं म्हणजे कामाचा पुरावा समजणं. बक्षीस दिसण्याचं असतं.

घेऊन झालंय, आता काय?

पाच महिन्यांचं झालं तरी उंदराकडे बघत नाही म्हणून घाबरे झालेले लोक फार भेटतात. दात बदलताहेत त्याचे, हिरड्या दुखताहेत, थांबा जरा. साधारण सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात, मी वर्षाच्या आत कुठल्याही पिल्लाला खऱ्या कामाला लावत नाही. तोपर्यंत बोलावल्यावर येणं, कोंबड्या-गुरांकडे दुर्लक्ष करणं, पाईपमधून फडक्यामागे जाणं एवढंच. लेप्टोस्पायरोसिसची लस घेतल्याशिवाय उंदरांच्या जागी न्यायचं नाही, आणि तिथे विष टाकलेलं आहे का हे आधी विचारायचं, दर वेळी विचारायचं.

आवाजाला बुजणारं असेल तर ओढत आत नेऊ नका. मी माझ्या नराला शटरच्या जागेपासून लांब बसवून सुरुवात केली, रोज थोडं पुढे, त्याला घाई न करता, आणि दीड वर्ष गेलं त्यात. बंद गोदामात तो आजही जात नाही. पण मोकळ्या बांधावर, झुडपांच्या कडेने त्याचं नाक कमालीचं आहे, कुठलं बीळ वाहतं आहे आणि कुठलं रिकामं ते तो बरोबर सांगतो. वाहतं असलं की शेपूट ताठ करून थांबतो आणि मागे वळून माझ्याकडे बघतो, मग मित्राची ती मादी पुढे जाते.